शोधलेखाचा साचा आणि संदर्भाची पावती

या व्याख्यानमालेत आजवर आपण बहुधा मोठमोठ्या प्रश्नांवर बोललो आहोत. प्रमाण म्हणजे काय, कर्तव्य कशाला म्हणावं, असे विषय झाले. आजचा विषय त्यामानाने किरकोळ वाटेल. शोधलेख नियतकालिकाकडे पाठवताना तो कसा मांडावा, साच्यात कसा बसवावा आणि संदर्भ कोणत्या शैलीत द्यावेत, यावर आज बोलायचं आहे. रत्नागिरी, चिपळूण, लांजा, राजापूर इकडचे पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि नव्याने लागलेले प्राध्यापक आम्हांला हे सारखं विचारतात, म्हणून हा विषय घेतला. त्यांच्या प्रश्नात तक्रारही असते : "सर, आम्ही विचार करायचा की स्वल्पविराम मोजत बसायचं?"

तक्रार रास्त आहे, पण अर्धीच. ती पूर्ण समजून घ्यायची तर आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली साचा, म्हणजे टेम्पलेट. समास किती, शीर्षक कोणत्या आकारात, तळटीप कुठे, हे तो ठरवतो. दुसरी संदर्भशैली. दुसऱ्याकडून घेतलेली गोष्ट कुठून घेतली हे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या चिन्हांनी सांगायचं, हे ती ठरवते. साचा छापणाऱ्याच्या सोयीचा, संदर्भशैली वाचणाऱ्याच्या हक्काची. या दोहोंची गल्लत झाली की विद्यार्थी साच्यावर आठवडा घालवतो आणि संदर्भ शेवटच्या रात्री उरकतो. खरं तर वेळेची वाटणी उलटी असायला हवी.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. जन्म १८८०, चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरातला. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाचं संपादन करताना धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रस्तावना लिहावी असं त्यांच्या मनात आलं. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांची झाली. पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटच्या खंडाचं काम १९६२ साली पुरं झालं. पृष्ठं साडेसहा हजारांच्या वर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे खंड प्रसिद्ध केले आणि १९६३ साली काण्यांना भारतरत्न मिळालं.

हे खंड ग्रंथालयात काढून बघा. वर इंग्रजी मजकूर, खाली तळटिपा. त्या तळटिपांत मूळ संस्कृत वचन देवनागरीत दिलेलं असतं आणि ते कोणत्या ग्रंथातलं, हे संक्षेपाने सांगितलेलं असतं. त्या संक्षेपांची यादी वेगळी, कालक्रमाचा तक्ता वेगळा, शेवटी सूची. यातला हिशोब लक्षात घ्या. काणे म्हणतात की अमुक स्मृतिकाराचं मत असं आहे. वाचकाला ते पटलं नाही तर तो खाली बघतो, मूळ वचन वाचतो आणि म्हणू शकतो की काण्यांनी याचा अर्थ वेगळा लावला. म्हणजे काण्यांना खोडून काढण्याचं साधन खुद्द काण्यांनीच वाचकाच्या हाती दिलं आहे. आमच्या मते विद्वत्तेची खरी खूण हीच. संगणक नव्हता, खिळे जुळवून छपाई होत होती, आणि एका पानावर दोन लिप्या सांभाळायच्या होत्या. तरी हे झालं.

त्याच संस्थेत याहून कडक शिस्तीचं एक काम चाललं होतं, महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ साली ते सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. विष्णु सीताराम सुखठणकर हे त्याचे प्रमुख संपादक. १९४३ साली ते गेले आणि पुढचं काम इतरांनी नेलं. साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखितं यासाठी जमवली गेली. प्रत्येक पाठभेदाखाली हस्तलिखिताचं पूर्ण नाव लिहायचं ठरवलं असतं तर ग्रंथ कधी संपलाच नसता. म्हणून लिपीप्रमाणे आणि परंपरेप्रमाणे एकेक अक्षर ठरलं. शारदेसाठी एक, नेपाळीसाठी एक, ग्रंथ लिपीसाठी एक, मल्याळमसाठी एक. संहितेत न घेतलेल्या ओळी तारांकित करून खाली दिल्या. संपादकाला जिथे पाठाची खात्री नव्हती, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ काढली.

ही नागमोडी रेघ आम्हांला फार मोलाची वाटते. 'इथे आमची खात्री कमी आहे' हे छापील पानावर सांगण्यासाठी एक ठरलेली खूण! चांगली शैली नुसती नीटनेटकी नसते, ती ज्ञानाची पातळीही सांगते. शिवाय एक संपादक गेला तरी दुसरा त्याच खुणांनी काम पुढे नेऊ शकला. नियम सर्वांचा असला की काम एका माणसावर अडत नाही.

आता साच्याकडे येऊ. खिळ्यांच्या काळात लेखकाने फक्त सुवाच्य प्रत द्यायची. अक्षरजुळणी छापखान्यातला जुळारी करी, मुद्रितं तपासून परत जात. संगणक आला आणि जुळाऱ्याचं काम हळूच लेखकाच्या अंगावर आलं. आपल्या विद्यार्थ्यांची निम्मी चिडचिड इथून येते, आणि ती समजण्यासारखी आहे.

यातून वाट काढणारी एक मोठी कल्पना डोनाल्ड नुथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाची. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं १९७७ साली त्यांच्या हाती आली. नव्या यंत्रावरची ती जुळणी त्यांना पसंत पडली नाही. मग त्यांनी स्वतःच जुळणीची प्रणाली लिहिली, तिचं नाव टेक. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लाटेक उभारली. मर्म एवढंच की लेखकाने 'हे ठळक कर, हे चौदा आकाराचं कर' असं सांगायचं नाही. त्याने सांगायचं, 'हे प्रकरणाचं शीर्षक आहे, हे अवतरण आहे, ही तळटीप आहे.' ते दिसेल कसं, हे साचा ठरवील. साचा बदलला की दिसणं बदलतं, लेख तोच राहतो.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे आकार आणि आशय हा जुना भेद आठवेल. व्यवहारात त्याचा उपयोग असा : लाटेक शिकायला वेळ नसेल तर वर्डमध्येही हेच करता येतं. वर्डमध्ये 'स्टाइल्स' नावाची सोय असते. शीर्षक हाताने ठळक करू नका, त्याला शीर्षकाची स्टाइल लावा. परिच्छेद आत सरकवायला स्पेस दाबत बसू नका. दोन ओळींत अंतर हवं म्हणून एंटर मारू नका. हे तीन नियम पाळले तर एका नियतकालिकाकडून परत आलेला लेख दुसऱ्याच्या साच्यात बसवायला तास-दोन तास पुरतात. नाही पाळले तर दोन दिवस जातात, आणि मग 'फॉर्मॅटिंग करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे मोजावे लागतात.

आता संदर्भशैली. शैली इतक्या का, हा प्रश्न नेहमी येतो. शिकागोची नियमावली १९०६ सालची, विद्यापीठाच्या छापखान्यातल्या गरजेतून आलेली. मानसशास्त्रज्ञांच्या एपीए शैलीचं मूळ १९२९ सालच्या एका छोट्या लेखात आहे. भाषा-साहित्यवाल्यांची एमएलए शैली १९५१ची. वैद्यकातल्या संपादकांनी १९७८ साली व्हँकुव्हरला बसून आपली वेगळी ठरवली. कंसात लेखकाचं नाव आणि साल देण्याची रीत तर हार्वर्डच्या एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या लेखापर्यंत मागे नेली जाते. तो लेख होता बिनशंखाच्या गोगलगायीवर. कोकणातल्या पावसाळ्यात आपल्या पायरीवर येते, तिच्याच जातकुळीवर!

प्रत्येक शैलीमागे त्या त्या शास्त्राची गरज असते. मानसशास्त्रात संशोधन किती ताजं, हे आधी कळावं लागतं. म्हणून नावाला लागूनच साल :

काणे, पां. वा. (१९३०). हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र (खंड १). भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर.

साहित्यात सालापेक्षा कृती महत्त्वाची. म्हणून नाव पूर्ण आणि साल शेवटी :

काणे, पांडुरंग वामन. हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र. खं. १, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९३०.

इतिहासकाराला तळटिपेत गप्पाही मारायच्या असतात. पुरावा कसा, दुसरी बाजू काय, हे त्याला तिथेच सांगायचं असतं. म्हणून शिकागोची तळटीप वाक्यासारखी वाहते :

पांडुरंग वामन काणे, हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र, खंड १ (पुणे : भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९३०).

पुस्तक तेच, माहितीही जवळपास तीच. लेखक, ग्रंथ, खंड, प्रकाशक, साल, आणि लागेल तिथे पृष्ठ. एवढे घटक तुमच्या वहीत पहिल्या दिवसापासून असतील तर शैली कोणतीही मागोत, ती तासाभराची गोष्ट. घटकच नसतील तर शैलीचं पुस्तक पाठ करून उपयोग काय?

आमच्या शास्त्रात आणखी एक खोच आहे. प्लेटोच्या अनेक भाषांतरांत समासात छोटे आकडे दिसतात. ते १५७८ सालच्या स्तेफानुस आवृत्तीचे पृष्ठांक. ॲरिस्टॉटलसाठी बेकर यांच्या १८३१ सालच्या आवृत्तीचे आकडे चालतात. रत्नागिरीतला वाचक मराठी भाषांतर बघो, जर्मनीतला ग्रीक मूळ बघो, दोघे एकाच ओळीवर पोचतात. गीतेच्या बाबतीत अध्याय आणि श्लोक सांगितला की काम भागतं.

पण तुकारामांचं काय? नुसता 'अभंग क्र. अमुक' असा संदर्भ आम्ही कितीतरी प्रबंधांत पाहिला आहे. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली १८६९ आणि १८७३ साली निघालेली इंदुप्रकाशची आवृत्ती, पुढे १९५०ची सरकारी गाथा, देहूची प्रत, आणि इतर अनेक. सगळीकडे अभंगांचा क्रम सारखा नाही. आवृत्ती न सांगता अभंगाचा क्रमांक देणं म्हणजे गावाचं नाव न सांगता घर नंबर देणं. ज्ञानेश्वरीचंही तसंच. राजवाडे प्रतीतली ओवी दुसऱ्या प्रतीत त्याच क्रमांकावर सापडेलच असं नाही. परदेशी शैलीच्या पुस्तकात हा नियम मिळणार नाही, तो आपणच पाळायचा : संतवाङ्मयाचा संदर्भ देताना आवृत्ती आधी, क्रमांक नंतर.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या अडचणी आणखी आहेत. त्यांतल्या चार सांगतो.

पहिली, फॉन्टची. पुष्कळ जुने लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. रफार आणि अर्धा र यांचा घोळ तर हमखास. 'आचार्यांनी सांगितले' आणि 'आचाऱ्यांनी सांगितले' यांतला फरक आपल्याला माहीत आहे. पहिल्यात गुरू बोलतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. रूपांतर केलं की 'र्य' आणि 'ऱ्य' असलेला प्रत्येक शब्द शोधून डोळ्यांनी तपासा. हे काम यंत्रावर सोडू नका.

दुसरी, नावांची. काणे हे नाव रोमन लिपीत उच्चारचिन्हांशिवाय लिहिलं की परदेशी वाचक ते 'केन' असं वाचतो. इंग्रजी लेखात मराठी ग्रंथ द्यायचा तर लिप्यंतराची एकच पद्धत धरा आणि 'ळ', 'ण', 'ष' यांची टिंबं गाळू नका. 'बाळ' आणि 'बाल' एक नव्हेत. तुमच्या स्वतःच्या नावाचंही तसंच. जोशी, पाटील, कुलकर्णी, सावंत या आडनावांचे किती संशोधक असतील! २०१२ पासून ओर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. तो घ्या, आणि नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आमच्या विद्यार्थिनींना याचा विशेष उपयोग आहे. त्यांचं आधीचं काम त्यांच्याच नावावर राहतं.

तिसरी, सालांची. जुन्या मराठी पुस्तकावर 'शके १८५२' असं असतं. अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९३० येतं, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पौष-माघाच्या सुमाराला छापलेलं पुस्तक १९३१चं असू शकतं. म्हणून मूळ शक तसाच लिहा आणि इसवी सन पुढे द्या.

चौथी, क्रमाची. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकवतात. संगणक क्षीरसागरांना क मध्ये आणि ज्ञानेश्वरांना ज मध्ये बसवतो. दोन्हींपैकी कोणताही क्रम ठेवा, पण संपूर्ण सूचीत एकच.

संदर्भ सांभाळायला आता साधनं आहेत. झोटेरो हे २००६ साली आलेलं, फुकट मिळणारं साधन आहे. लाटेकवाल्यांसाठी १९८५ पासूनचं बिबटेक आहे. एकदा माहिती भरली की कळ दाबताच शैली बदलते. मात्र साधन भरलेलंच ओकतं. इंटरनेटवरून आपोआप उचललेल्या नोंदीत आडनाव आणि नाव उलटसुलट झालेलं असतं, संपादकाला लेखक केलेलं असतं. नोंद घेताना पुस्तकाचं मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकपान समोर ठेवा.

इथवर सगळं कौशल्याचं झालं. आता मुद्द्याचं. रूप बरोबर असलं म्हणजे आशय बरोबर असतो का? तर्कशास्त्राच्या पहिल्या महिन्यात आपण शिकतो की युक्तिवाद आकाराने निर्दोष असून विधानं खोटी असू शकतात. संदर्भाचंही तसंच आहे. आपल्याकडच्या आंब्याचं उदाहरण घ्या. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कारण कुठलाही आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला जात होता. पेटी तीच, गवत तेच, वरचा छापही तोच. आत मात्र बाग वेगळी.

शोधपत्रिकांच्या बाजारात हेच झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वेळच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांची भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये ती प्रसिद्ध केली. तपासलेली नियतकालिकं १००९, आणि त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत असा निष्कर्ष. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकांची नावं नाहीत, कुणाचा आयएसएसएन क्रमांक खोटा. साचा मात्र बहुतेकांकडे छान! पुढे केअर यादी आली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही थांबवून निकष तेवढे सुचवले. म्हणजे निवडीची जबाबदारी आता संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. लेख पाठवण्याआधी त्या नियतकालिकातले दोन लेख खरोखर वाचा. त्यांतले चार संदर्भ उघडून बघा. तुम्हांला ते भेटले नाहीत, तर तिथे तुमचा लेखही कुणी तपासणार नाही.

दुसरा धोका नवा आहे. यंत्राला विचारलं की ते निर्दोष शैलीत संदर्भ लिहून देतं. स्वल्पविराम जागच्या जागी, साल कंसात. फक्त असं पुस्तक कुणी लिहिलेलंच नसतं. आजवर चुकीच्या शैलीवरून आळशी विद्यार्थी ओळखता येई. ती खूण आता गेली. म्हणून नियम एकच : जे पान तुम्ही उघडून पाहिलं नाही, ते सूचीत घालू नका. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलं असेल तर 'अमुक यांनी उद्धृत केलेले' असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, विश्वसनीय माणसाचा. आप्त कोण, हे तपासता आलं पाहिजे. संदर्भ म्हणजे त्या तपासणीची पावती. पावतीवर दुकानाचं नाव, तारीख, रक्कम का लागते? भांडण झालं तर दाखवायला. ज्ञानातही भांडणं व्हायलाच हवीत, आणि ती पुराव्यावर व्हावीत.

वाङ्मयचौर्याची भीती घालून संदर्भ शिकवणं आम्हांला पटत नाही. आयोगाचे २०१८चे नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड करत नाहीत, आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं व संदर्भसूची त्या मोजणीतून वगळतात. पण दहा टक्क्यांचा हिशोब हा विद्वत्तेचा हिशोब नव्हे. एकच कल्पना चोरली तर टक्का शून्य येतो, आणि चोरी पूर्ण असते.

आता कामाचा क्रम सांगून थांबतो. वाचताना त्याच बैठकीत संदर्भाचे सगळे घटक टिपून ठेवा, पृष्ठांकासह. पहिला खर्डा साध्या युनिकोड मजकुरात लिहा, साच्याचा विचार न करता. मग नियतकालिक निवडा आणि त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना छापून समोर ठेवा. स्टाइल्स लावा, साच्यात ओता. संदर्भशैली साधनाने बसवा आणि मग साधन बंद करून सूची हाताने तपासा. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे ना, सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे ना, हे दोन्ही बाजूंनी जुळवा, पतपेढीत रोजकीर्द जुळवतात तसं. शेवटी एका मित्राला लेख द्या आणि सांगा, 'यातले कुठलेही तीन संदर्भ निवड आणि शोधून दाखव.' तीनही सापडले तर लेख पाठवा. एक जरी अडला, तर आणखी आठवडा थांबा. नियतकालिक कुठे पळून जात नाही.

प्रश्न असतील ते आता विचारा. मराठी संदर्भांबद्दलचे आधी घेऊ.